फावल्या वेळाचा हिशेब

दिवाळी सरली, की वऱ्हाडच्या घाटमाथ्यावर थंडी उतरू लागते. बुलढाणा हे समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरचे गाव. तेथून काही मैलांवर, पैनगंगेच्या काठी, देऊळघाट आहे. सकाळच्या शाळेला निघालेली मुले, बुलढाण्याच्या कचेऱ्यांकडे जाणारे कारकून, शेताची वाट धरलेली माणसे यांच्या गळ्यांतील मफलर आणि कानांवरच्या टोप्या या दिवसांत पाहिल्या, तर त्यांचे दोन वर्ग सहज पाडता येतात. काही यंत्रावर विणलेल्या व बाजारातून आणलेल्या. काही घरी, दोन सुयांवर, कुणाच्या तरी आईने, आत्याने किंवा आजीने विणलेल्या. पहिल्या प्रकारच्या वस्तूची किंमत विचारली, तर लगेच आकडा ऐकू येतो. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूबद्दल विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, फावल्या वेळात केले.’

भाववाढ, पाटपाणी आणि निवडणुका यांच्या चर्चेला सरावलेल्या वाचकांस मफलरचा विषय या पानावर किरकोळ वाटेल. परंतु घराघरांत बोलल्या जाणाऱ्या या साध्या उत्तरात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ‘काही नाही’ म्हणजे नेमके किती? आणि ज्याला आपण ‘फावला वेळ’ म्हणतो, तो कुणाच्या वाट्याला येतो व कुणाच्या वाट्याला येत नाही? घरी विणून आप्तेष्टांना भेट देण्याच्या छंदाचे कौतुक करण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे आवश्यक आहे.

सोळा हजार आठशे टाके

प्रथम साधे अंकगणित करू. आठ इंच रुंद आणि पाच फूट लांब असा एक मध्यम मफलर घेतला, आणि इंचाला पाच टाके व सात ओळी असे प्रमाण धरले, तर सुईवर चाळीस टाके घालावे लागतात आणि ४२० ओळी विणाव्या लागतात. म्हणजे एकूण १६ हजार ८०० टाके. सराव असलेला हात, बोलत, ऐकत, मध्येच दुधावर लक्ष ठेवीत, मिनिटाला वीस टाके घालतो असे मानले, तर हे काम ८४० मिनिटांचे, अर्थात चौदा तासांचे होते. यात लडीचा गुंडा करणे आले नाही, सुटलेला टाका चार ओळी खाली जाऊन उचलणे आले नाही आणि चुकलेली वीण उसवून पुन्हा विणणेही आले नाही. रोज अर्धा तास मिळाला, तर एका मफलरला अठ्ठावीस दिवस लागतात. पौर्णिमेला घातलेले टाके पुढच्या पौर्णिमेच्या सुमारास बंद होतात. ‘काही नाही’ म्हणतात ते हे!

या चौदा तासांची मजुरी मांडून पाहावी. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला, तर चौदा तासांचे सुमारे ५२० रुपये होतात; लोकरीचा खर्च निराळाच. यंत्रावर विणलेला मफलर आठवड्याच्या बाजारात याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. तेव्हा पैशाच्या हिशेबाने पाहिले, तर घरी विणणे हा तोट्याचा व्यवहार आहे, यात शंका नाही. हा तोटा आजचाही नव्हे. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ साली मोजे विणणारे यंत्र बनविले, तेव्हापासूनच वेगाच्या शर्यतीत हाताची हार ठरलेली होती. असे असूनही चारशेहून अधिक वर्षे माणसे हाताने विणीत आली आहेत. याचा अर्थ एवढाच, की या कामाचा हेतू सर्वस्वी पैशाचा नाही. ज्याच्यासाठी विणायचे, त्याला आपल्या आयुष्यातील चौदा तास मोजून द्यायचे, हा त्याचा खरा हेतू आहे. दुकानातून आणलेल्या भेटीत देणाऱ्याची मिळकत खर्ची पडते. विणलेल्या भेटीत त्याचा वेळ खर्ची पडतो. आणि गेलेला वेळ पगारवाढीने भरून निघत नाही.

ज्याला नाव आहे आणि जिला नाही

आपल्या भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. मागावर लुगडे विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, सुंभाने बाज विणतात, आणि कोळी जाळेही विणतो. ‘विणणे’ हे एकच क्रियापद या सर्वांना पुरते. माणसामाणसांतील संबंधांनाही आपण ‘वीण’च म्हणतो. पण क्रिया एक असली, तरी ती करणाऱ्यांना मिळालेला मान एक नाही. मागावर बसणारा विणकर. त्याला साळी, कोष्टी अशी नावे आहेत, त्याचे मोहल्ले आहेत, पेठा आहेत, संस्था आहेत. मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणणारा सनगर. त्यालाही नाव आहे. सुयांवर विणणाऱ्या बाईला मात्र मराठीत व्यवसायाचे नाव नाही. ती कुणाची तरी आई, वहिनी वा काकू असते, आणि ती ‘जरा विणते’.

याचे कारण काही अंशी इतिहासात आहे. सुयांवरचे विणकाम हे दख्खनचे मूळचे कसब नव्हे. येथील मेंढीची लोकर जाडीभरडी. ती घोंगडीला उत्तम, पण तान्ह्या बाळाच्या टोपऱ्याला बोचणारी. ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांच्या वर्गांतून आणि पुढे मुलींच्या शाळांतून आपल्या घरांत आली. ज्या संस्थांनी निराधार स्त्रियांना पायांवर उभे करण्याचे व्रत घेतले, त्यांनी सुई-दोऱ्याच्या कामाला शिक्षणात जाणीवपूर्वक स्थान दिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, तेव्हा तेथील शिवण व हस्तकामाच्या वर्गांमागे करमणुकीचा विचार नव्हता, उपजीविकेचा होता. मध्यमवर्गीय घरांत हे शिक्षण पोहोचले, तेव्हा मात्र त्याचे रूप पालटले. उपजीविकेची गरज नसलेल्या घरात ते मुलीच्या वळणाचे प्रमाणपत्र ठरले.

रुखवताची मांडणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको. लग्नमंडपाच्या एका बाजूस क्रोशाचे तोरण, ताटावरचे रुमाल, लोकरीचे बदक, मण्यांचा गणपती हे सारे मांडले जाई आणि वरपक्षाकडील बायका ते निरखून पाहत. मुलीने हे आवडीने केले, की परीक्षेला बसल्याप्रमाणे केले, याची चौकशी कुणी करीत नसे. आता तयार रुखवत विकत मिळते, आणि त्याबद्दल हळहळणारेही पुष्कळ आहेत. परंतु परीक्षा गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. वाईट इतकेच झाले, की परीक्षेबरोबर कलाही अनेक घरांतून गेली.

रुखवताच्या अगदी उलट टोकाला बाळंतविडा आहे. लेकीचे, सुनेचे किंवा शेजारणीच्या मुलीचे दिवस भरत आले, की झबले, टोपरे, मोजे आणि दुपटे यांची जमवाजमव सुरू होते. येथे कुणी परीक्षक नसतो. ज्याच्यासाठी ही वीण चाललेली असते, तो जीव अद्याप जन्मालाही आलेला नसतो. तो मुलगा की मुलगी हे ठाऊक नसते, म्हणून पिवळी किंवा पांढरी लोकर निवडली जाते. सहा महिन्यांत ते टोपरे बाळाला लहान होते आणि तरीही पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे जपले जाते. हा या छंदाचा शुद्ध अंश. हिंदू घरात बाळंतविडा, मुसलमान घरात क्रोशाने विणलेली जाळीची टोपी. देऊळघाटसारख्या गावात या दोन्ही गोष्टी एकाच गल्लीच्या अंतरात असू शकतात, आणि दोन्हींचा टाका सारखाच असतो.

हिमालयाकडे गेलेले मफलर

घरातल्या या कामाची थोरवी देशाला एकदा तरी कळली होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने मोठे आक्रमण केले, तेव्हा हिमालयाच्या बर्फात उभ्या असलेल्या आपल्या अनेक जवानांपाशी पुरेसे गरम कपडेही नव्हते. त्या हिवाळ्यात देशभरातील स्त्रियांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले आणि त्याच हातांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे अभिमानाने म्हटले गेले. सह्याद्री धावला, तो केवळ मुत्सद्देगिरी घेऊन नव्हे. त्याच्या पाठीवर असंख्य अनाम बायकांनी विणलेल्या लोकरीचे गाठोडेही होते.

त्या प्रसंगी या कामाला कुणी ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हटले नाही. ती राष्ट्रसेवा ठरली. युद्ध संपले आणि ते काम पुन्हा ‘काही नाही’ या सदरात जमा झाले. टाका तोच, हात तेच, वेळही तितकाच. बदलली ती केवळ पाहणाऱ्याची दृष्टी. कामाची प्रतिष्ठा कामात नसून त्याच्या प्रसंगात आहे, असे मानणारा समाज रोजच्या श्रमांना कधीच न्याय देऊ शकत नाही.

छंद की धंदा?

याला प्रत्युत्तर म्हणून एक विचार हल्ली मोठ्या उत्साहाने मांडला जातो. बायकांच्या हातांत कला आहे ना? मग बचत गट काढा, मफलर विका, घरबसल्या चार पैसे मिळवा. हा सल्ला सद्हेतूने दिला जातो, हे मान्य. पण तो देणाऱ्याने वरील चौदा तासांचा हिशेब केलेला नसतो. ५२० रुपयांची मेहनत दीडशे रुपयांना विकणे याला उद्योग म्हणता येणार नाही. त्यातून छंदाचा आनंदही जातो आणि मजुरीही पदरात पडत नाही.

हे भय काल्पनिक नाही. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता अशा नद्यांतून अखेर गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्र प्रदेशात, नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथील बायकांना क्रोशाची लेस करावयास शिकविले, आणि कालांतराने ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेसकरणींचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले, की या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणीत. व्यापारी व निर्यातदार त्यावर धनवान होत. आणि विणणारीच्या हाती मात्र शेतमजुरीहूनही कमी पैसा पडे. इतका कमी मोबदला देण्याचे समर्थन कोणते? तर त्या ‘गृहिणी’ आहेत आणि ‘फावल्या वेळात’ विणतात! देऊळघाटच्या ओसरीवर विनयाने बोलले जाणारे शब्द बाजाराच्या तोंडी जातात, तेव्हा त्यांचे असे हत्यार होते.

म्हणून या बाबतीत एक स्पष्ट रेघ ओढणे इष्ट आहे. छंद म्हणून कुणी विणीत असेल, तर त्या वस्तूला बाजारभाव विचारू नये. आणि धंदा म्हणून विणवून घ्यायचे असेल, तर तासाच्या हिशेबाने पूर्ण मजुरी द्यावी. छंदाचे नाव पुढे करून मजुरी बुडविणे आणि मजुरीचे आमिष दाखवून छंद हिरावणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निषेधार्ह होत. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी वस्तूची किंमत ठरविताना लोकरीच्या वजनाबरोबर टाक्यांची व तासांची नोंद ठेवण्याची पद्धत पाडली, तर निम्मे काम होईल. एखादी वस्तू त्या किमतीला विकली जात नसेल, तर ती विकण्यासाठी करूच नये; ती ज्याला द्यायची त्याला प्रेमाने द्यावी.

वेळ कुणाचा?

आता दुसरा प्रश्न. फावला वेळ हा शब्द आपण सहज वापरतो. पण तो फावतो कुणाला? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ आणि पुरुषांचा ८८ वर आला. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे सुटली. पण पुरुषाचा वाटाही नऊ मिनिटांनी घटला! या आकड्यांकडे पाहिले, की ध्यानात येते : बाई विणते तो वेळ तिला कुणी दिलेला नसतो. तो तिने दोन कामांच्या सांध्यातून काढलेला असतो. विणकाम बायकांत रुजले याचे एक कारण हेच असावे, की ते कोणत्याही ओळीवर थांबविता येते. कुकरची शिटी झाली, मूल रडले, दारावर कुणी आले, तर सुया बाजूला ठेवता येतात आणि परत येऊन तोच टाका पुढे नेता येतो. पुरुषांचे छंद बहुधा असे नसतात. बुद्धिबळाचा पट मांडला, की गृहस्थाला कुणी उठवायचे नसते.

यावर उपाय म्हणून बायकांनी विणणे सोडावे असे कुणी म्हणेल, तर तो रोग्याला मारून रोग बरा करण्याचा प्रकार होईल. उपाय दोन आहेत. घरकामाची वाटणी न्याय्य करणे हा पहिला; त्याविषयी या पानावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरा उपाय असा, की विणकाम हे बायकी काम आहे ही समजूत टाकून देणे. या समजुतीला आधार नाही. मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारा धनगर आपल्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याच्या मर्दपणाला त्याने बाध आला नाही. मध्ययुगीन युरोपातील विणणाऱ्यांचे कसबी संघ पुरुषांचेच होते. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये टॉम डेली हा इंग्लंडचा पाणबुड्या खेळाडू प्रेक्षकांत बसून शांतपणे विणताना साऱ्या जगाने पाहिला. त्याच स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले होते आणि ते ठेवण्यासाठी पिशवीही स्वतः विणली होती. उंचावरून उडी घेण्यापूर्वी मन स्थिर करावयास ज्याला सुया उपयोगी पडतात, त्याच्याकडून बारावीच्या परीक्षेपूर्वी धास्तावलेल्या आपल्या विद्यार्थ्याने काही घेण्यासारखे नाही काय?

शाळेचे काम

येथे शिक्षकांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. हस्तकामातून शिक्षण हा विचार विदर्भाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने उद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी मानले, आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा आखला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडली आहे. कागदावर हे सर्व आहे. प्रत्यक्षात कार्यानुभवाची तासिका बहुधा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यास उपयोगी पडते, ही गोष्ट शिक्षकांस सांगावयास नको.

वास्तविक विणकामात गणित भरपूर आहे. चार टाक्यांची नक्षी चाळीस टाक्यांत किती वेळा बसेल, बसली नाही तर किती टाके वाढवावे, सात इंचांची टोपी डोक्याकडे निमुळती करताना कोणत्या ओळीला किती टाके कमी करावे, हे सारे भागाकार आणि प्रमाण यांचेच धडे होत. शिवाय सुईवरचे उत्तर चुकले, तर शिक्षकाने लाल रेघ मारण्याची गरज नसते; टोपी डोक्यात जात नाही. वर्गातील मुलामुलींना एकत्र बसवून, गावातील एखाद्या आजींना पाहुण्या शिक्षिका म्हणून मानाने खुर्ची देऊन, आठ-दहा तासिकांत सुलट-उलट टाका शिकविता येईल. खर्च म्हणाल, तर दोन सुया आणि एक गुंडा. तोही लुधियान्याच्या कृत्रिम धाग्याचाच हवा असे नाही. आपण ज्याला लोकर म्हणतो, ती पुष्कळदा लोकर नसतेच. अॅक्रिलिकचा धागा असतो. बुलढाणा हा कापसाचा जिल्हा आहे. खामगावच्या कापसासाठी १८७० साली खास रेल्वेचा फाटा घालण्यात आला होता. अशा जिल्ह्यातील मुलांनी आपल्या भूमीच्या सुताने रुमाल, पिशवी, टोपी विणावी, यात औचित्यही आहे.

‘मोबाईलच्या काळात कोण विणत बसणार?’ असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर मोबाईलमध्येच आहे. हाताचा अंगठा तासन्‌तास वर-खाली करूनही दिवसाअखेर हाती काही उरत नाही, याची खंत आज तरुणांनाच सर्वांत अधिक जाणवते. विणकामात तोच हात, तोच तास. पण रात्री झोपताना तीन बोटे लांबीची पट्टी वाढलेली दिसते. ती कुणासाठी आहे, हेही ठाऊक असते. एकाकीपणाविषयी परिसंवाद भरविण्यापेक्षा ही तीन बोटे अधिक उपकारक ठरतील.

तेव्हा या हिवाळ्यात कुणी हाताने विणलेला मफलर आपल्या गळ्यात घातला, तर त्याची किंमत विचारू नये आणि नुसते ‘छान आहे’ म्हणून मोकळेही होऊ नये. त्यातील सोळा हजार आठशे टाक्यांची व चौदा तासांची आठवण ठेवावी, आणि ते तास विणणारीला पुन्हा मोकळे मिळावेत म्हणून आपल्या वाट्याचे काम उचलावे. संध्याकाळची भांडी कुणी घासली, यावर पुढचा मफलर कधी पुरा होईल ते अवलंबून आहे.